ट्रेस मिनरल ड्रॉप्स, मॅग्नेशियम आणि झिंक: डिप्रेशनच्या गोळीसोबत घेतलं, कसं वाटलं

आधीच सांगते, बाटलीचं नाव टाकणार नाहीये. एक तर या टाईपच्या बाटल्या आता बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो, आणि दुसरं म्हणजे ज्या ऑनलाइन सेलरने मला वैताग आणला त्याच्याशी भांडायची माझ्यात आता ताकद नाही. अमेरिकेत युटाह राज्यात ग्रेट सॉल्ट लेक नावाचं खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आहे, त्याच्या पाण्यापासून बनवलेले "बहात्तर मिनरल्स"वाले लिक्विड ड्रॉप्स, एवढं म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझं थोडक्यात सांगते म्हणजे रिव्ह्यू कोण लिहितंय ते कळेल. ठाण्यात राहते, शाळेत शिकवते. डिप्रेशन थोडं आणि एन्झायटी जास्त असं आमच्या डॉक्टर मॅडमचं म्हणणं, एस्सिटालोप्राम १० एमजी रोज नाश्त्यानंतर, सुरुवातीला झोपेसाठी क्लोनाझेपॅमची बारकी गोळी होती ती मॅडमनी हळूहळू कमी करत बंद केली, आणि थायरॉइडची गोळी आहे ती जुनीच, पहाटे उपाशीपोटी. एस्सिटालोप्रामचा मला उपयोग झाला हे स्पष्ट लिहिते, कारण या औषधांना उगाच शिव्या घालायची फॅशन आहे. लगेच नाही झाला, पहिल्या आठवड्यात तर नुसतं मळमळलं, या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतातच, कुणाकुणाला सहा-आठही लागतात. पण उपयोग झाला म्हणजे सगळं एकदम छान झालं असंही नाही. उगाच रडू येणं थांबलं, छातीतली धडधड थांबली, पण थकवा तसाच, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, रात्री तीनला टक्क जाग. गोळी घेऊनही ही जी थोडी जागा उरते ना, बरोबर तिथेच सप्लिमेंटवाले येऊन बसतात.

माझ्याकडे ते नणंदेच्या बॅगेतून आले. ती न्यू जर्सीला असते, दिवाळीत आली तेव्हा चॉकलेटं, बदाम आणि ही निळी बाटली. "वहिनी, हे घे तू, तिकडे माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या बायका घेतात, मला तर पंधरा दिवसांत फरक पडला." आता नणंदेने एवढ्या लांबून आणलेली वस्तू कपाटात ठेवून देणं आमच्या घरात शक्य नाही, रोज व्हिडिओ कॉलवर "घेतेस ना?" होणार हे माहिती होतं. पण मी गोळ्या घेत असल्यामुळे मॅडमना विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही एवढं मात्र ठरलेलं होतं, म्हणून पुढच्या अपॉइंटमेंटला बाटलीच घेऊन गेले.

त्याआधी चव सांगते कारण ज्यांना घ्यायचंय त्यांचा पहिला प्रश्न तोच. तसेच दोन थेंब जिभेवर टाकून बघितले तर चौपाटीवर खेळताना नाकातोंडात समुद्राचं पाणी जातं तशी चव, वर एक कडू झाक जी पाणी प्यायलं तरी जात नाही. साध्या पाण्यात तर अजिबात घेऊ नका. लिंबू सरबतात बरं लागतं, ताकात सगळ्यात बरं, ताकात मीठ घालायचं नाही मग, आणि आमटीत वाढल्यावर वरून टाकलं तर कळतही नाही. चहात टाकून बघू नका, चहा वाया जातो. झाकणाभोवती पांढरा मिठाचा थर जमतो तो ओल्या फडक्याने पुसावा लागतो, नाहीतर थेंब पडायच्या ऐवजी एकदम धार लागते, आणि चाळीस थेंब मोजत उभं राहण्यापेक्षा अर्धा टीस्पून घेतलं की काम होतं, तेवढंच असतं ते.

आता खरी गंमत लेबलवर. "फुल स्पेक्ट्रम", "आयॉनिक", "बहात्तर" वगैरे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात. मागे फिरवून बघितलं तर चाळीस थेंबांमध्ये मॅग्नेशियम २५० एमजी, क्लोराइड ६५० एमजी, मग सोडियम-पोटॅशियम-सल्फेट किरकोळ, बोरॉन १ एमजी, लिथियम १.५ एमजी, आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात पन्नास-साठ नावांची रांग, ज्यांच्यापुढे आकडाच नाही. म्हणजे बाटली विकली जातेय ट्रेस मिनरल्स म्हणून आणि आत जे मोजण्याइतकं आहे ते मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. आणि मॅग्नेशियम तर ट्रेस नाहीच, ट्रेस म्हणजे जे शरीराला रोज १०० एमजीपेक्षा कमी लागतं ते, लोह, झिंक, तांबं, सेलेनियम, आयोडीन ही मंडळी. या बाटलीत लोह-झिंक मोजण्यासारखं काही नाही.

बनवतात कसं ते वाचलं तर तेही ओळखीचंच निघालं. तळ्याचं पाणी उथळ वाफ्यांत सोडायचं, उन्हाने आटवायचं, साधं मीठ आधी खाली बसतं आणि वर जे कडवट घट्ट पाणी राहतं त्यात मॅग्नेशियम जास्त. उरण, पेण, भाईंदरच्या मिठागरांतही मीठ ओढून घेतल्यावर असंच कडू पाणी उरतं, फक्त त्याला कुणी निळ्या बाटलीत भरून तीन हजारांच्या वर विकत नाही. (तुम्ही विकत आणून पिऊ नका हं, खाण्यायोग्य शुद्ध करणं वेगळं असतं.)

मॅडमनी लेबल वाचलं, चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न विचारला तो लिथियमबद्दल नव्हता, "ॲसिडिटीची गोळी रोज घेता का?" मला वाटलं विषय बदलला. तर नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या वर्ष-वर्ष घेणाऱ्या लोकांचं मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने (तिकडचं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०११ मध्येच तशी सूचना काढली होती. लघवी जास्त होण्याच्या बीपीच्या गोळ्यांनीही होतं. आणि एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम या गोळ्या ईसीजीमधलं क्यूटी अंतर (एका ठोक्यानंतर हृदयाला पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ) थोडं वाढवू शकतात, त्यात जर मॅग्नेशियम-पोटॅशियम कमी असेल तर हृदयाचे ठोके बिघडायचा धोका वाढतो. म्हणजे मॅग्नेशियम आणि डिप्रेशनची गोळी यांचा संबंध "मूड छान होतो" याच्या आधी इथे आहे, आणि हे कुठल्याही रीलमध्ये सांगत नाहीत. आपल्याकडे तर "पॅन-डी रोजच घेते मी" हे हळदीकुंकवातही ऐकू येतं.

दुसरा प्रश्न किडनीचा. क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघितलं, नॉर्मल होतं. किडनी कमजोर असेल तर जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर जात नाही, साचतं, त्या लोकांनी हे ड्रॉप्स आणि एकूणच मॅग्नेशियम डॉक्टरच्या परवानगीशिवाय घ्यायचंच नाही. आमच्या सासूबाई "मलाही दे गं थोडं, गुडघे दुखतात" म्हणत होत्या, त्यांना शुगर-बीपी आणि क्रिएटिनिन काठावर, त्यांना नाही दिलं. दोन दिवस फुगून बसल्या, चालतंय.

मग लिथियम. लिथियम हे नाव वाचून आधी माझ्याच पोटात गोळा आला होता कारण लिथियम म्हणजे बायपोलरचं औषध एवढंच माहिती. मॅडमनी हिशोब मांडून दाखवला: दवाखान्यात जी लिथियम कार्बोनेटची ३०० एमजीची गोळी देतात त्यात शुद्ध लिथियम साधारण ५६ एमजी, आणि माणसं अशा दोन-तीन-चार गोळ्या रोज घेतात, रक्तातली लेव्हल तपासत, थायरॉइड आणि किडनीवर लक्ष ठेवत. त्यापुढे १.५ एमजी म्हणजे फारच कमी. पण कमी आहे म्हणून लपवायचं नाही, कारण जो माणूस आधीच लिथियमच्या गोळीवर आहे त्याची लेव्हल अगदी अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते, ०.६ ते १ च्या आसपास, आणि त्यात कुणी वरून थेंब, कुणी ब्रुफेनसारखी पेनकिलर (ती लिथियमची लेव्हल चढवते) असं करत बसला तर प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. अशांनी ही बाटली घेऊच नका. आणि हल्ली "लिथियम ओरोटेट ५ एमजी" नावाच्या कॅप्सूल "नॅचरल मूड सपोर्ट" म्हणून परदेशातून मागवतात लोक, तो वेगळाच धोका, बिना तपासणीचं मनाचं औषध ते. एक गंमत सांगते, सेव्हन-अप १९२९ साली बाजारात आलं तेव्हा त्यात चक्क लिथियम होतं, १९४८ पर्यंत, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरने उन्मादाच्या पेशंटवर लिथियमचा उपयोग दाखवला. योगायोग बघा.

वेळेचं टाइमटेबल हा या सगळ्यातला सगळ्यात कटकटीचा भाग. एस्सिटालोप्राम आणि मॅग्नेशियम एकत्र घेतलं तरी चालतं, ते एकमेकांना पोटात धरून ठेवत नाहीत. पण थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम, झिंक, लोह, कॅल्शियम यापैकी काहीही एकत्र गेलं तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, चार तासांचं अंतर हवं. आता पहाटे थायरॉइड, आठला नाश्ता आणि एस्सिटालोप्राम, म्हणजे ड्रॉप्स दुपारच्या जेवणात किंवा रात्री. गॅबापेन्टिन (नसांच्या दुखण्याची गोळी) घेणाऱ्यांनाही मॅग्नेशियमपासून दोन तास लांब ठेवायला सांगतात, आणि डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर तेवढे दिवस हे सगळं बंदच ठेवलेलं बरं. मी फ्रीजवर कागद लावलाय, नवरा म्हणतो रेल्वेचं वेळापत्रक लावलंयस, लावलंय तर लावलंय.

आता फरक काय पडला. पोट साफ व्हायला लागलं, हा पहिला आणि सगळ्यात खात्रीचा फरक, मॅग्नेशियम क्लोराइडचं ते कामच आहे, डोस पूर्ण घेतला तर जरा जास्तच साफ होतं, म्हणून पंधरा-वीस थेंबांपासून सुरू करा आणि सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा, वर्गात फळ्यापुढे उभं असताना नको. पोटऱ्यांतले गोळे कमी झाले. रात्री तीनची जाग पूर्ण गेली नाही पण जाग आली तरी परत झोप लागते. आणि मूड? खरं सांगू, मला मोजण्यासारखा काही फरक जाणवला नाही. मॅडम दर वेळी डिप्रेशन मोजायचा तो नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९ फॉर्म भरून घेतात, २७ पैकी स्कोअर येतो, जितका जास्त तितका त्रास जास्त, माझा आकडा थेंब सुरू करण्याआधी होता त्याच्याच आगेमागे राहिला.

याचा अर्थ सगळं थोतांड असाही नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास छापला, १२६ माणसं, हलकं ते मध्यम डिप्रेशन, रोज २४८ एमजी मॅग्नेशियम, तेही क्लोराइडच, म्हणजे जवळपास या बाटलीचाच डोस, सहा आठवडे घ्यायचं आणि सहा आठवडे नाही. घेतलं त्या काळात पीएचक्यू-९ सरासरी सहा अंकांनी उतरला आणि एन्झायटीचा स्कोअर साडेचारने, आणि सोबत डिप्रेशनची गोळी चालू असो-नसो फरक दिसला. ऐकायला जबरदस्त. पण त्यात तुलनेसाठी खोटी गोळी (दिसायला तशीच पण आत औषध नसलेली) नव्हती, म्हणजे प्रत्येकाला माहिती होतं की आज आपण मॅग्नेशियम घेतोय, आणि मनाच्या आजारात नुसतं "काहीतरी घेतोय" याचाच किती परिणाम होतो हे आपण सगळे जाणतो, अंगारा लावून आमच्या गावाकडची माणसं बरी होतच होती की. त्यामुळे हा अभ्यास मला आवडला, पण त्याच्या जोरावर "गोळी सोडा, थेंब घ्या" म्हणणाऱ्यांचं तोंड बघायचं नाही असं ठरवलंय. ओळखीतल्या एका बाईंनी अशीच गोळी एकदम बंद केली, चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, चिडचिड, रडारड, आणि त्यांना वाटलं आजार परत आला. गोळी बंद करायची तर डॉक्टर उतरवत उतरवत करतात, तेही सगळं नीट चाललेलं असताना.

झिंकचं प्रकरण वेगळं, ते खरंच ट्रेस मिनरल आणि डिप्रेशनच्या गोळीसोबत द्यायचे प्रयोगही त्याचेच जास्त चांगले. पोलंडमध्ये क्राकोवला २००९ साली ६० पेशंटना इमिप्रामिन या जुन्या गोळीसोबत रोज २५ एमजी झिंक किंवा खोटी गोळी दिली, १२ आठवडे. ज्यांना औषधं आधीपासून नीट लागू पडत होती त्यांच्यात झिंकने वेगळं काही केलं नाही. ज्यांना आधीची औषधं लागू पडली नव्हती त्यांच्यात मात्र झिंकवाल्यांना जास्त आराम पडला. ६० म्हणजे छोटाच अभ्यास, पण इथे खोटी गोळी होती म्हणून मला वजनदार वाटतो. मी मॅडमना दाखवला, त्या म्हणाल्या, "तुम्हाला गोळी लागू पडलीये, तुम्ही पहिल्या गटातल्या. पण शाकाहारी आहात, घ्यायचंच तर थोडे महिने घ्या, कायम नको."

केमिस्ट काकांकडे गेले तर त्यांनी सरळ ५० ची पट्टी पुढे केली. ५० कशाला! मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा साधारण ४० एमजी मानतात, त्याहून जास्त झिंक महिनोन्महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, त्याने ॲनिमिया आणि हातापायात मुंग्या असले नवीन उद्योग सुरू होतात. काका म्हणाले, "ताई, सगळे हेच घेतात, कोविडपासून." कोविडपासून घेतायत तेच तर म्हणतेय मी काका. शेवटी कमी पॉवरची मिळाली. उपाशीपोटी घेतली तर अशी मळमळ होते की विचारू नका, आणि एस्सिटालोप्रामच्या सुरुवातीच्या दिवसांत आधीच मळमळ असते, त्यात हे नको. जेवणानंतर घ्या. मला याने काय झालं? केस गळणं कमी झालं असं आई म्हणते. मूडमध्ये मला तरी कळलं नाही.

लेबल वाचायची अजून एक खोच सांगते, मॅग्नेशियम ग्लायसिनेट घेणाऱ्यांसाठी, कारण ड्रॉप्सच्या चवीला कंटाळून मी मधे त्याच्या गोळ्याही घेतल्या. डब्यावर मोठ्याने लिहिलेलं असतं १००० एमजी. ते मॅग्नेशियम नाही, ते मॅग्नेशियम आणि ग्लायसिन मिळून, त्यातलं खरं मॅग्नेशियम जेमतेम १४ टक्के, म्हणजे १४० एमजीच्या आसपास. उलट स्वस्तातल्या मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ६० टक्के मॅग्नेशियम असतं पण ते नीट शोषलंच जात नाही, पोट तेवढं धुऊन काढतं. डब्याच्या मागे "एलिमेंटल" असा शब्द शोधायचा आणि त्यापुढचा आकडाच खरा धरायचा, तो लिहिलाच नसेल तर डबा परत रॅकवर. ग्लायसिनेट पोटाला सोसवलं, झोपेसाठी मला ड्रॉप्सपेक्षा हेच बरं वाटलं, आणि भारतात बनणारं बरंच स्वस्त पडतं.

आणि ज्या डब्यांवर नुसतं "मूड", "कॅल्म" (शांत), "सेरोटोनिन सपोर्ट" लिहिलेलं असतं ते तर दोनदा वाचा. मिनरल्स पुढे दाखवतात आणि मागे बारीक अक्षरात फाइव्ह-एचटीपी (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं) किंवा सेंट जॉन्स वर्ट (डिप्रेशनसाठी विकली जाणारी परदेशी वनस्पती) निघतं. यातलं कुठलंही एक डिप्रेशनच्या गोळीसोबत घेतलं तर सेरोटोनिन (मेंदूतलं मूडशी जोडलेलं रसायन) प्रमाणाबाहेर चढू शकतं, घाम, थरथर, ताप, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं, वेळेवर दवाखान्यात गेलं नाही तर जिवावर बेतू शकतं. अश्वगंधाही बऱ्याच कॉम्बोमध्ये असते, ती आपली घरची म्हणून आपण खपवून घेतो, पण थायरॉइडच्या गोळीवाल्यांनी आणि झोपेची गोळी घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय नको. आपल्याकडे नियमाप्रमाणे असल्या प्रॉडक्टवर "औषधी वापरासाठी नाही" असं लिहावंच लागतं, लिहिलेलंही असतं, फक्त इंग्रजीत आणि घडी पडते तिथे.

सेलरची गोष्ट इथेच सांगते. नणंदेची बाटली संपत आल्यावर मी इथूनच ऑनलाइन मागवली, कारण डॉलरचा हिशोब आणि बॅगेचं वजन करत तिला किती वेळा सांगायचं. किंमत तिकडच्या जवळजवळ दुप्पट. बाटली आली, आणि मागच्या बाजूला इम्पोर्टरचा पांढरा स्टिकर बरोबर त्या आकड्यांच्या चौकटीवर चिकटवलेला, पत्ता, लायसन्स नंबर, एमआरपी, सगळं वर, आणि खाली लिथियमची ओळ पूर्ण झाकलेली. माझ्याकडे पहिली बाटली होती म्हणून मला कळलं तरी, जो माणूस पहिल्यांदाच घेतोय आणि लिथियमच्या गोळीवर आहे त्याने काय करायचं? स्टिकर नखाने काढायला गेले तर खालचा छापही सोबत आला. तक्रार केली तर उत्तर आलं, "सील ओपन झाल्यामुळे रिटर्न होणार नाही." अरे सील उघडल्याशिवाय स्टिकर दिसतच नव्हता, बाहेरून खोका होता! तीन-चार मेल झाले, प्रत्येक मेलला नवीन नाव, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा. शेवटी सोडून दिलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बाटलीबद्दल नाहीच. मॅडमनी मिनरल्सचा विषय निघालाच आहे म्हणून रक्त तपासायला सांगितलं, मॅग्नेशियम, बी-१२, डी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). मॅग्नेशियम नॉर्मल आलं, पण त्याला फार अर्थ नाही कारण शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं, बाकी हाडांत आणि स्नायूंत. फेरिटिन मात्र एकआकडी! हिमोग्लोबिन अकराच्या वर होतं म्हणून इतकी वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. लोह म्हणजे ट्रेस मिनरलचा बापच, आणि "बहात्तर मिनरल्स"च्या बाटलीत मला हवं असलेलं हे एकच मिनरल मोजण्याइतकं नव्हतं. लोहाची गोळी सुरू केली, एक दिवसाआड, लिंबू पाण्यासोबत, चहा तासभर लांब, थायरॉइडपासून चार तास लांब, मॅग्नेशियम-झिंकपासूनही लांब (फ्रीजवरचा कागद अजून लांबला), शौचाला काळं होतं घाबरू नका. दोन-तीन महिन्यांनी जिना चढताना दम लागत नाही हे लक्षात आलं, सकाळी उठवायला लागलं, आणि पीएचक्यू-९ चा आकडा पहिल्यांदा खाली सरकला, "थकवा वाटतो का" आणि "लक्ष लागत नाही का" या दोन प्रश्नांवरचे मार्क गेले. गोळी तीच, १० एमजीच. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेचा आकडा आहे हा, आणि त्यातल्या किती जणी "उदास आहे", "आळशी झालीये" म्हणून घरात बोलणी खात असतील कुणास ठाऊक. तेव्हा डिप्रेशनची गोळी चालू आहे, थोडा फरक पडलाय पण थकवा जात नाही, अशी कुणी असेल तर बाटलीच्या किमतीत फेरिटिन आणि टीएसएच करून पैसे उरतील. लोह मात्र तपासल्याशिवाय घेऊ नका, विशेषतः पुरुषांनी, जास्त झालं तर तेही साठतं.

खाण्याचं आई रोज ऐकवते ते बरोबरच आहे. तीळ शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे एमजीच्या आसपास मॅग्नेशियम, राजगिरा अडीचशे, नाचणी दीडशेच्या जवळ, शेंगदाणे तेवढेच किंवा थोडे जास्त. म्हणजे नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी हा आपला साधा डबा मॅग्नेशियमच्या बाबतीत अजिबात गरीब नाही. झिंक आणि लोहाचं तसं नाही, धान्य-कडधान्यात असतं पण त्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, मोड आणले किंवा आंबवलं की थोडं सुटतं, म्हणून मटकीला मोड आणून उसळ आणि आंबोळी वगैरे. पण डिप्रेशनच्या दिवसांत माणूस भाकऱ्या थापत नाही हो, बिस्किटं आणि चहावर राहतो, तेव्हा गोळी-थेंबांचा आधार घेतला तर कुणी टोमणे मारू नयेत.

स्टार द्यायचे तर ड्रॉप्सना पाचपैकी दोन, तेही बद्धकोष्ठ आणि पोटऱ्यांसाठी, किंमत बघता जास्त नाहीत. ग्लायसिनेटला साडेतीन. झिंकला माझ्याकडून स्टार नाहीत, ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत त्यांनी डॉक्टरांशी बोलावं, तिथे त्याला अर्थ आहे. ज्यांना डॉक्टरकडे जायलाच जमलेलं नाही अजून, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

ड्रॉप्स घ्यायचेच असतील तर सगळ्यात छोटी बाटली घ्या, आणि ऑर्डर करण्याआधी सेलरला मागच्या लेबलचा स्टिकर न लावलेला फोटो मागा. फोटो आला तर तो डॉक्टरना दाखवा, नाही आला तर ऑर्डर करू नका.